थैली तिची, डबा माझा

शके १७८६, माघ शुद्ध पंचमी. वलगाव.

सुभद्राच्या अंगावर आज नवा शालू पाहिला आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही. शालू आत्याबाईंनी दिला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते ती सून म्हणून, आणि सुभद्रा, माझी धाकटी जाऊ, आत्या म्हणते ती त्यांच्या सख्ख्या भावाची लेक म्हणून. मी हाक मारली की "हं" येतं. तिने मारली की "काय वं पोरी" येतं. मला या घरात अकरा वर्षं झाली, तिला तीन.

मलाही लुगडं मिळालं, नाही असं नाही. चांगलं रेशीमकाठी आहे. पण शालू तो शालू.

यंदा पैसा आहे म्हणून हे चाललं आहे. समुद्रापलीकडे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे लढाई जुंपली आहे आणि तिथला कापूस विलायतेला जात नाही. त्यामुळे आमच्या काळ्या रानातल्या कापसासाठी गोरे व्यापारी अमरावतीच्या बाजारात उन्हात उभे असतात. आमच्या गावच्या पुंजारामाने बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आत्याबाईंनी काल जाहीर केलं की द्वारकेला जायचं. मुंबईपर्यंत आगगाडी, पुढे समुद्रावरून आगबोट. मामंजींची इच्छा राहून गेली होती, ती पुरी करायची. आत्याबाई, आमचे हे, मी आणि सुभद्रा. तिचा नवरा पंजाबराव कापूस सांभाळायला घरी राहणार. माझ्या मुली माझ्या माहेरी जातील.

हे सगळं मी सरकीच्या कोठीत बसून लिहिते. माझ्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याने मला मोडी शिकवली. ह्यांना ते ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत.

माघ शुद्ध अष्टमी

वाटखर्चाचा पैसा न्यायचा कशात, यावरून आज सकाळभर बोलणं झालं.

हे म्हणाले, "अकोल्याहून हुंडी घेऊ. नत्थुजीमामा मुंबईच्या पेढीवर लिहून देतीन. कागद जवळ ठेवला का झालं." नत्थुजी म्हणजे सुभद्राचे वडील, अकोल्यातले कापसाचे अडते. म्हणजे इथेही सुभद्राच.

आत्याबाई म्हणाल्या, "अन् मुंबईच्या पुढं? द्वारकेत तुह्या कागदाले कोन वळखते? बोटीत पानी उडालं तं शाई वाहून जाईन."

"मंग रुपये घेऊ."

"एवढे रुपये न्याले बैल लागीन. बोटीत बैल घेतीन काय?"

शेवटी सोन्याच्या मोहरा न्यायच्या ठरलं. त्या कमरेला बांधायच्या लांब थैलीत घालायच्या. हे म्हणाले, "माह्या कमरेले बांध." आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू द्वारकेत गोमतीत बुडी माराले धोतर सोडशीन अन् थैली काठावर ठेवशीन. बाईमानूस लुगड्यानिशी बुडी मारते. थैली बाईच्याच कमरेले पाह्यजे."

बाई म्हणजे कोण? थोरली सून मी. मी ताठ उभी राहिले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सुभद्राकडे पाहिलं, आणि डाळ निवडायला घेतली.

माघ शुद्ध नवमी

अमरावतीची बिस्मिल्लाबी बांगड्या भरायला आली होती. दोन वर्षांमागे ती लेकाबरोबर हजला जाऊन आली. आमच्या ओळखीत आगबोट पाहिलेली बाई ती एकटीच, म्हणून आत्याबाईंनी तिला पाट दिला, गुळाचं पाणी दिलं आणि बोटीवरचं सगळं विचारून घेतलं. पाणी कुठे मिळतं, निजायला जागा कशी, चोर असतात का.

"चोर तो सब जगा रहते, माय," ती माझा हात दाबत म्हणाली. "मेरे सामने एक मेमनबाईची कमर साफ केली. कमरेचं पैलं कापल्या जाते. चोराले बी काहीतरी दिसाले पाह्यजे. दिसलं का तो बाकी कुठं पाहत नाही."

"मंग तू कशात नेले होते?" आत्याबाईंनी विचारलं.

बिस्मिल्लाबी हसली. तेवढ्यात आत्याबाईंनी मला सांगितलं, "जमुना, गाईले पानी दाखव." गाय तर नुकतीच पाणी पिऊन बसली होती. परत आले तेव्हा दोघी डोळे पुसत हसत होत्या, आणि मला पाहून गप्प झाल्या. माझ्याच घरात बांगडीवालीला कळतं आणि मला कळत नाही.

माझ्या बांगड्या हिरव्या. सुभद्राच्या हिरव्याच, पण मध्ये एकेक सोनेरी. बिस्मिल्लाबी म्हणाली, सोनेरी तेवढ्याच उरल्या होत्या. असतील.

माघ शुद्ध द्वादशी

थैली सुभद्राला मिळाली.

सकाळी आत्याबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून. चेहरा गोरामोरा. एवढा मान मिळाला की माणूस गोरंमोरं होणारच. मी असते तर निदान हसले असते.

मला काय मिळालं? लाडवांचा डबा. आत्याबाई काल पहाटेपासून स्वयंपाकघराचं दार लावून डिंकाचे लाडू वळत होत्या. आम्हा दोघींना आत येऊ दिलं नाही. द्वारकाधीशाचा नैवेद्य, सोवळ्यात करायचा म्हणे. पितळेचा डबा, तोंडाला फडकं, वर सुतळीच्या गाठी. "द्वारका येईलोक याले कोनी हात लावाचा नाई. तू सांभाळजो," म्हणाल्या. डबा उचलला तर खांदा खाली आला. डिंक घातला आहे की दगड, देव जाणे. कंजूषपणा करायचा तिथे आत्याबाई करतात आणि लाडवात मात्र हात सैल.

जाताना मी थैलीवाली आणि ती डबेवाली, असं का नाही, एवढंच मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "माय जानते." आणि कूस बदलली.

माघ वद्य द्वितीया. अकोला.

बैलांच्या दमणीत बसून हाडं खिळखिळी झाली. पुढची आगगाडी जिथून निघते तिथे परवा पोचायचं. आज मुक्काम नत्थुजींकडे, म्हणजे सुभद्राच्या माहेरी.

इथे तर विचारूच नका. तिची आई तिला जवळ घेऊन बसली. तिच्या पायांना तेल, तिच्या ताटात साखरभात. मला "तुमी बी घ्या नं" असं म्हणून वाढलं. अंगणात कापसाचे ढीग माडीच्या खिडकीला लागले आहेत, माणसं आत-बाहेर करून राहिली आहेत, नत्थुजींना जेवायला सवड नाही. नाव सुभद्राच्या माहेरचं, ऐट तिची, आणि मी डबा मांडीवर घेऊन ओटीवर.

आत्याबाई दर संध्याकाळी फडकं सोडून लाडू मोजतात. मला चोरटी समजतात. थैली मात्र त्यांनी निघाल्यापासून एकदाही मोजली नाही. तिच्यावर एवढा भरवसा.

एक लिहून ठेवते. रात्री सुभद्रा माझ्याजवळ निजली होती. झोपेत दचकून दोनदा उठली आणि कमर चाचपली. सोन्याचा असा माज चढतो की झोपसुद्धा लागत नाही. मला विचारते, "बाई, तुमी माह्या अंगाले लागून निजसान काय?" मी म्हटलं, "मले उकडते."

माघ वद्य अष्टमी. मुंबई.

मुंबईचं काय लिहू. आगगाडीत कान बधिर झाले ते अजून तसेच. इथे जो तो कापसाचंच बोलतो. धर्मशाळेत एका कोपऱ्यात आम्ही, आणि माझा डबा. सगळ्यांच्या गाठोड्यांना कोणी ना कोणी हात लावतो, उचलायला मदत करतो. माझा डबा उचलायला हमाल आला तर आत्याबाई म्हणाल्या, "नाई, थे जमुनाच उचलीन." सुभद्राला मात्र काही उचलू देत नाहीत. तिच्या कमरेला मोहरा ना.

माघ वद्य दशमी. आगबोटीवर.

जमीन दिसत नाही. मला भीती वाटते हे इथेच लिहिते, कोणाला सांगितलं नाही.

बोटीच्या वरच्या लोखंडी मजल्यावर चटया टाकून सगळे बसले आहेत. कच्छी, भाटिये, दोन गोसावी, आम्ही. सुभद्रा सकाळपासून ओकते आहे. पोटात अन्न नाही, तरी एक हात कमरेवर. हे मला म्हणाले, "तिले पानी दे." मी दिलं. नाही असं नाही.

दुपारी बोट कलली. एक खलाशी दोर ओढत आला आणि त्याचा पाय माझ्या डब्याला लागला. फडकं सरकलं, त्याचा घोटा सरळ वरच्या लाडवाला. मी खरं लिहिते, मला बरं वाटलं. विटाळला नैवेद्य, सुटले मी. डबा उचलून कठड्याशी गेले आणि आत्याबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता हे देवाले चालत नाई. टाकते समुद्रात."

आत्याबाई निजल्या होत्या त्या अशा उठल्या, की तसं उठताना मी त्यांना अकरा वर्षांत पाहिलं नाही. "ठेव," म्हणाल्या. "ठेव खाली."

"पन पाय लागला."

"समुद्र सारं शुद्ध करते. समुद्रावर विटाळ नसते. ठेव मनते तं ठेव."

 घरी मी न्हाल्याशिवाय पाण्याच्या माठाला हात लावला तर माठ उपडा करतात ही बाई. सुनेला एक शास्त्र आणि लाडवाला दुसरं. मी डबा ठेवला, आदळून ठेवला. त्यांनी लाडू पुन्हा मोजले.

माघ वद्य द्वादशी. द्वारका.

आज काय झालं ते सगळं लिहायचं आहे.

आगबोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि लहान मचव्यातून काठाला जावं लागतं. उजाडल्यावर शिडीपाशी झुंबड उडाली. हे पुढे, आत्याबाई त्यांच्यामागे, मग सुभद्रा, मग मी डबा छातीशी धरून. कोणीतरी मला कोपराने ढकललं. मचव्यात बसल्यावर सुभद्राने कमरेला हात लावला आणि तिचा हात तिथेच राहिला. लुगडं सुरीने सरळ चिरलेलं. थैली गेली होती. कातडीवर एक लाल रेघ होती, रक्त जेमतेम दोन थेंब.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते देवाच्या दारी बसून खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. घ्या, दिली ना तिला थैली? घ्या आता. हा आनंद मचवा काठाला लागेपर्यंत टिकला. मग आम्ही परमुलखात बिनपैशाचे उभे आहोत हे लक्षात आलं.

हे ओरडायला लागले, मचवेवाल्यांना धरायला लागले. आत्याबाई शांत. "जाऊ दे. गेलं थे गेलं. पंड्याले शोधू, उतराले जागा पाहू," म्हणाल्या. मला वाटलं धक्क्याने त्यांचं डोकं फिरलं. आम्हा दोघींना गोमतीच्या घाटावर सामानापाशी बसवून त्या ह्यांना घेऊन गेल्या. सुभद्राला एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझ्याकडून गेली असती तर?

सुभद्रा पायरीवर बसली होती. रडत नव्हती. तीन दिवसांत पोटात काही नाही. ओठ फुटलेले. कमरेची रेघ झाकायला पदर ओढत होती आणि पदर पुरत नव्हता. एकाएकी मला ती फार लहान दिसली. माझ्या थोरल्या मुलीला मोठं लुगडं नेसवावं तशी.

मी डब्याची सुतळी सोडली. नैवेद्याआधी खाणं पाप, हे मला ठाऊक आहे. पण पैसे गेले, आता नैवेद्य काय आणि प्रसाद काय. एक लाडू घेतला. "घे. खा."

ती म्हणाली, "देवाचा हाय नं, बाई."

"देव उपाशी नाई मरत. खा."

लाडू अख्खा तिच्याने चावला गेला नसता, म्हणून मी तो पायरीवर आपटून फोडला. आतून मोहरा निघाल्या. चार. एक घरंगळत पायरीवरून खाली गेली, ती मी पायाने दाबली.

आम्ही दोघी त्या पिवळ्या मोहरांकडे पाहत राहिलो. मग मी दुसरा लाडू हातात तोलला. तिसरा तोलला. वलगावपासून वाहून आणलेलं ते ओझं डिंकाचं नव्हतं.

"तुले माहीत व्हतं?" मी विचारलं.

"हे नाई. थैलीत तांब्याचे ढब्बू हायेत, वर दोनचार रुपये, येवढंच आत्यानं सांगतलं व्हतं." मग ती रडायला लागली. "मनली, चोर आला तं तुह्याकडे येईन, ओरडू नको, नेऊ देजो. मले रोज वाटे सुरी पोटात घालतीन. मनून तुमाले अकोल्यात मनलं, जवळ निजा."

मी तिला अकोल्यात काय उत्तर दिलं होतं ते वर लिहिलेलंच आहे.

मी तिच्या तोंडात लाडवाचा तुकडा घातला. तिने चघळला. उरलेला अर्धा तिने पदराच्या टोकाला बांधला, बहुधा पापाच्या भीतीने. तेवढ्यात आत्याबाई आल्या. हे पंड्याशी बोलत मागे होते. आत्याबाईंनी डबा पाहिला, माझ्या मुठीतल्या मोहरा पाहिल्या, खाली बसल्या आणि आधी फडकं बांधून घेतलं.

"समजलं आता, डबा तुह्याजवळ काहून देला थे?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सुभद्राले कोनी मागतलं तं नाई मनता येत नाई. बोटीत येखादं उपाशी लेकरू दिसलं असतं तं अर्धा डबा वाटून मोकळी झाली असती. तू कोनाले ढेकूळ बी देत नाईस. तुह्या हातचा डबा मंजे कुलूपच."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू डबा उराशी धरून बसली असतीस, मान वर करून चालली असतीस. शिव्या देत देत आनला, मनून कोनी त्याच्याकडे पाह्यलं नाई." मग त्यांनी पायरीवरचा भुगा पाहिला. "पन फोडला काहून?"

सुभद्राने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला, जोरात. नवी बांगडी फुटली तिची.

"भूक लागली व्हती," मी म्हटलं.

"माहीतच होतं मले," आत्याबाई म्हणाल्या. "जीभ आवरत नाई तुही." आणि हसल्या. मला बघून हसल्या, सुभद्राला बघून नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

माघ वद्य त्रयोदशी

दर्शन झालं. नैवेद्य झाला. देवापुढे कोणते लाडू ठेवायचे ते आत्याबाईंनी हातात तोलून निवडले. ब्राह्मणभोजनाचं ठरलं. पंड्या फार मागतो आणि आत्याबाई फार कमी देतात, तेव्हा दोघांचं बरं जुळलं आहे.

मी खोटं का बोलले याचा विचार करते आहे. सुभद्राला पाप लागू नये म्हणून, असं लिहिणार होते. ते आहेच. पण दुसरंही आहे. मी दिला म्हणून सांगितलं असतं तर मी कुलूप राहिले नसते. या बाईने अकरा वर्षांत एकाच गोष्टीसाठी मला सुभद्राहून वर धरलं, आणि ती गोष्ट म्हणजे मी कोणाला काही देत नाही. ती मी घाटावर कशी सोडू? म्हणून मी दिलेलं लपवलं. लोक घेतलेलं लपवतात.

आणि तिसरंही लिहिते. थैलीत तांबं आहे हे आत्याबाईंनी तिला सांगितलं होतं. तिला सांगितलं, मला नाही सांगितलं. चोराची सुरी तिच्या पोटाशी दिली आणि सोनं माझ्या खांद्यावर दिलं, हे कळूनसुद्धा माझं मन त्या बंद दाराशी जाऊन उभं राहतं. आत दोघी काय काय बोलल्या असतील.

शके १७८६, फाल्गुन वद्य पंचमी. वलगाव.

घरी येऊन चार दिवस झाले. कापसाचा भाव घसरतो आहे म्हणून पंजाबराव आणि हे रोज अमरावतीला जातात आणि तोंडं पाडून परत येतात. अमेरिकेतली लढाई संपत आली म्हणे. पुंजारामाच्या बैलांच्या शेंब्या अजून आहेत.

आज बिस्मिल्लाबी आली. आत्याबाईंनी तिला प्रसाद दिला आणि सगळी हकीकत सांगितली. थैली कापली ती, खलाशाचा पाय लागला तो, मी डबा समुद्रात टाकायला निघाले ते. बिस्मिल्लाबी पोट धरून हसली. "डिब्बा बडी बहू के पास दिया, ये अच्छा किया," म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, "मंग काय. थे सोताच्या सावलीले बी काही देत नाई. फकस्त भूक धरवली नाई तिले, येक लाडू फोडलाच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सुभद्रा हसली नाही. तिने फुटलेल्या बांगडीच्या जागी नवी भरून घेतली आणि बिस्मिल्लाबीला म्हणाली, "बाईले बी सोनेरी भर. माह्या हिशेबात."

दुपारी मी सरकीच्या कोठीत होते. सुभद्रा आली. मी कागद सरकीखाली ढकलला, तिने पाहिला, विचारलं नाही. पदराच्या टोकाची गाठ सोडली. द्वारकेचा तो अर्धा लाडू होता, वाळून कडक झालेला.

"तुमच्या वाट्याचा राह्यला होता, बाई," ती म्हणाली.

"तूच खा."

"तुमी खाल्ल्याशिवाय मी नाई खात."

मग तिने तो उखळाच्या काठावर ठेवून मुठीने फोडला. आम्ही दोघी सरकीच्या पोत्यावर बसून खात राहिलो. त्यात डिंक होता, गूळ होता, थोडं खारीक-खोबरं होतं, आणखी काही नव्हतं. फोडताना मोठा तुकडा तिच्याकडे गेला हे मी पाहिलं. तो तिच्याकडेच राहू दिला.